वाढत्या अंगाचं माप

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला ‘ताजं आहे’ म्हणाला की मी पातेल्यात वाकून बघते, आणि रिक्षावाला आपणहून ‘मीटरनेच जाऊ’ म्हणाला की मला जास्तच काळजी वाटायला लागते. घरच्यांना याचा वैताग आहे. आमच्या संस्थेला मात्र नाही, म्हणून तर पुण्यात बसून चहा पिणाऱ्या इतक्या लोकांमधून वर्धा जिल्ह्यात जायला माझंच नाव निघालं.

काम असं होतं. आमची संस्था अपंगांना कुबड्या, तीनचाकी सायकली, कॅलिपर अशी साधनं देते. ती बनवून पुरवणारा माणूस त्या त्या भागातला असतो. वर्धा जिल्ह्यात मागच्या वर्षी एका नव्या पुरवठादाराने शिबिर घेऊन साधनं दिली होती. पुढचं काम त्यालाच द्यायचं का, हे मी लोकांच्या घरी जाऊन, वस्तू बघून ठरवायचं होतं. नाही म्हटलं तर दुसरा माणूस शोधून पुन्हा मापं घेईपर्यंत वर्ष सहज जाणार, हे मला ठाऊक होतं. मोबाईल तेव्हा साहेब लोकांच्या खिशात नुकते दिसायला लागले होते, आम्ही अजून एसटीडी बूथवाले.

माझा स्वतःचा डावा पाय पोलिओचा. लहानपणापासून कॅलिपर लावते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मांडीपासून बुटापर्यंत दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या, त्यांना धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी एक कुलूप. उभं राहिलं की कुलूप खट्‌कन लागतं आणि पाय ताठ राहतो. बसताना ते उघडून गुडघा वाकवायचा. माप चुकलं की ही वस्तू पायाला आधार देत नाही, पाय सोलते.

संस्थेने पुरवठादारांसाठी गुळगुळीत कागदावर पानभर नियम छापले आहेत. माझे तीनच. माप शिकलेल्या माणसाने, उघड्या पायावर घ्यायचं. वस्तू पक्की करण्याआधी घालून, चालवून बघायची. आणि मोडली तर दुरुस्ती जवळपास व्हायला हवी. या तिन्हींपैकी एकालाही जो ‘हो हो, करतो ना’ म्हणतो, त्याच्याकडे मी दोनदा बघते.

सिंदी (रेल्वे)

पॅसेंजरमधून उतरले तर फलाटावर पुरवठादार स्वतः हजर. गोपाळभाऊ. साठीकडे झुकलेले, पांढरा सदरा, कपाळावर गंध. घराण्याचा जुना धंदा कापसाचा. आता तो भावांकडे, आणि यांच्याकडे मुख्य रस्त्यावरचं साधनांचं दुकान. बाहेर जीप उभी होती.

‘‘चला मॅडम, जीपनं फिरा जिल्हाभर. तुमाले एसटीत कायले तरास?’’

जीप म्हणजे ड्रायव्हर त्यांचा, रस्ता त्यांचा आणि घरंही त्यांनीच निवडलेली. मी म्हटलं, मला एसटीची सवय आहे. दुकानापर्यंत तेवढी बसले, कारण बॅग जड होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. कापूस निघायला लागला होता, आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटून राहिला होता. आमच्या पुण्यात रस्त्याकडेच्या झाडांना पतंग आणि प्लास्टिक लटकतं. हे बरं होतं.

दुकान इतकं स्वच्छ की माझा संशय वाढला. कुबड्यांची रबरी बुचं नवी कोरी, सायकलींना हवा भरलेली. भिंतीवर गणपती, लक्ष्मी आणि त्यांच्या शेजारी कसलंसं प्रमाणपत्र; तिघांनाही ताजा हार. मागे छोटी कार्यशाळा होती. तिथला मिस्त्री रामदास नागपूरला शिकून आला होता, हात बरा वाटला. दुकान आणि घर यांच्या मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. मी प्रश्न विचारायला लागले की पडद्यामागे बांगड्या वाजायच्या, मी गप्प झाले की त्याही गप्प.

‘‘आत कोण आहे?’’ मी विचारलं.

‘‘सूनबाई. सुनीता. चहा करून राह्यली.’’

चहा केव्हाच आला होता, सोबत आलुबोंडा आणि वर लालभडक तर्री. पुण्यात अर्धा कप चहासुद्धा ‘घेणार का?’ असं विचारून मिळतो. इथे नाही म्हणायला कोणी तोंडच उघडू देत नाही. मी खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि मनात नोंद केली, की पडद्यामागची बाई ऐकते आहे.

तेवढ्यात शाळेचं दप्तर लावलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी दुकानात आली. गोपाळभाऊ गल्ल्यावरून उठले, वाकले आणि त्या चिमुरडीच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. तिने सवयीने पाय पुढे केला आणि बरणीतली गोळी घेऊन पळाली.

‘‘भाची हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या इकडं मामा भाचीच्या पाया पडते.’’

आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडते. मला वाटलं, पुण्याच्या बाईला दाखवायला हे नाटक आहे. एवढा मोठा माणूस, आणि अगदी मी बसलेली असतानाच भाची कशी आली? ज्यांच्या घरी जायचं त्यांची नावं मी पुण्याहूनच ठरवून आणली होती, ती त्यांना सांगितली नाहीत. फक्त म्हटलं, उद्या निघते, आणि मुक्कामाला वर्ध्याच्या लॉजवर गेले.

आष्टी

बसमधून उतरताना मी कोणालाही कळवलं नव्हतं. आष्टीला आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, संत्र्यांचे ढीग, आणि माझ्या चालीकडे बघणारे डोळे. वासुदेवराव नावाच्या दुकानदाराचं घर विचारलं, तर एक माणूस म्हणाला, ‘‘त्या पुण्याच्या मॅडम तुमीच का? थे वाट पाहून राह्यले.’’

झालं. म्हणजे फोन गेला होता.

वासुदेवराव किराणा दुकानात गादीवर बसलेले. मला बघून कुलूप लावत उठले, खट्. माझंही खट् झालं. कॅलिपरवाल्यांचा हा नमस्कारच असतो. मग पाटवडी आणि झणझणीत रस्सा समोर आला, आणि खाऊन झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही असं त्यांच्या बायकोने परस्पर ठरवून टाकलं.

मी लोकांना फार विचारत बसत नाही, वस्तू बघते. ज्याला साधन मिळालंय तो माणूस कधी खरं बोलत नाही. दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, असं त्याला वाटतं. वस्तूला असली भीड नसते. वासुदेवरावांच्या बुटाचा तळ जिथे झिजायला हवा तिथेच झिजला होता. मांडीचा पट्टा घामाने काळा पडला होता, आणि गुडघ्याचं कुलूप त्यांच्या गुडघ्याशी नेमकं जुळलं होतं. कॅलिपर उत्तम होतं. मला ते आवडलं नाही.

‘‘गोपाळभाऊ तुमचे नातेवाईक का?’’ मी विचारलं.

ते हसले. ‘‘दूरचे. इकडं सारेच एकमेकाचे दूरचे राह्यतात, मॅडम.’’

बाजाराच्या टोकाला बांगड्या विकणाऱ्या कमलाबाईही माझ्या नावांत होत्या. त्या गोणपाटावर बसलेल्या, शेजारी एक जुनी काठी.

‘‘कॅलिपर कुठंय?’’

‘‘घरी हाय नं. पेटीत. मस्त हाय, बाई. काई तक्रार नाई.’’

मी घरी जाऊन पेटी उघडायला लावली. साडीत गुंडाळलेलं कॅलिपर निघालं. बुटाच्या तळाला माती नाही, चामड्याला सुरकुती नाही. मी त्यांना ते घालायला लावलं तर मांडीचा पट्टा एवढा सैल, की माझी चार बोटं आत गेली. कुलूप गुडघ्याच्या जागी नव्हतंच.

‘‘हे मस्त आहे?’’

‘‘आता दिलं त्याइनं एवढं चांगलं, तं काय म्हनाव?’’ कमलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा ते साडीत गुंडाळायला लागल्या. मला संताप आला, त्यांचाही आणि गोपाळभाऊंचाही.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब जुळवला. पुरुषाला, त्यातून नातेवाईक, फर्मास माल. बांगड्या विकणाऱ्या बाईला उरलंसुरलं. चोर सापडला असं वाटून मला बरं वाटायला लागलं, हे खोटं कशाला बोलू.

केळझरच्या अलीकडे

केळझरला डोंगरावर गणपती आहे. लोक लांबून येतात, पायऱ्या चढून जातात. मी खालूनच हात जोडले. देवाला माझी अडचण माहीत असावी. त्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की भाजीपाला पिकवणाऱ्यांची वस्ती लागते. वांगी, टमाटे, मेथी. तिथे मंगला राहते.

मंगला बारावीला होती. ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती, आणि दुपारची वेळ असूनही कॉलेजात नव्हती. तिची आई बेबीताई मला बघून आधी आत गेली, लुगडं बदलून आली, आणि मग म्हणाली, ‘‘या बाई. गोपाळभाऊनं सांगतलं होतं, येतीन म्हून.’’

इथेही फोन. मी विचारलं, ‘‘मंगला, कॉलेज?’’

‘‘जात नाई आता,’’ मंगला जुडीकडे बघत म्हणाली. ‘‘दिवाईपासून.’’

‘‘काऊन?’’ माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

उत्तर बेबीताईने दिलं. मंगलाची फार इच्छा होती शिकायची, मास्तरीण व्हायची. सिंदीला कॉलेज, एसटीने जायचं. कॅलिपर मिळाल्यावर मोठ्या हौशीने जायला लागली. मग एक दिवस एसटीच्या पायरीवरून पडली. मग मांडीला जखम झाली. ‘‘तिचे बाबा म्हन्ते, मशीन देऊनबी जमत नाई तं नशिबात नाई. परीक्षेचा फारम भरला हाय, पन आता भाजीच्या दुकानात बसंन म्हन्ते.’’

‘‘आणि कॅलिपर कसं आहे, मंगला?’’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ‘‘मस्त हाय.’’

मी तिला आत घेऊन गेले, दार लावलं आणि पाय बघितला. मांडीच्या आतल्या बाजूला जखम होती, वर हळद लावलेली. कॅलिपर इथेही सैल, आणि लांबीला इतकं जास्त की कुलूप गुडघ्याच्या वर लागत होतं. असं कॅलिपर लावून बाकावर बसता येत नाही, गुडघा एकीकडे वाकतो आणि लोखंड दुसरीकडे. मंगला भिंतीकडे बघत राहिली. ‘‘दुखतं ना?’’ म्हटलं तर फक्त मान हलली. एवढ्या मोठ्या मुलीला दुखतंय हे सांगायची चोरी वाटावी, याचा मला भयंकर राग आला.

‘‘मी बघते,’’ एवढंच म्हटलं. गोपाळभाऊंना नापास करायचं मी तिथेच पक्कं केलं होतं. वर्ष गेलं तर मंगलाची परीक्षाही जाणार, हे मला दिसत होतं. पण म्हणून काय लबाडाला पास करायचं?

वस्तीतून बाहेर पडताना पाय एका खळग्यात गेला आणि माझ्याच कॅलिपरचा रिव्हेट उडाला. मांडीचा पट्टा लोंबायला लागला. रुमालाने बांधला, एका ऑटोवाल्याला थांबवलं. दुरुस्ती होईल असं जवळ एकच ठिकाण होतं. ज्याला झापायला निघाले होते त्याच्याच दारात मी लंगडत पोचले.

पुन्हा सिंदी

गोपाळभाऊंनी काही न विचारता रामदासला हाक मारली आणि मला पडद्याआड आतल्या खोलीत पाठवलं. तिथे सुनीता. पंचविशीची, डोक्यावर पदर, डोळे मात्र भलतेच धीट. मी कॅलिपर काढून तिच्या हातात दिलं, तर ते बाहेर नेऊन द्यायचं सोडून ती उलटंपालटं करून बघत बसली.

‘‘तुमचं माप कोनं घेतलं, ताई?’’

‘‘पुण्यात एक बाई आहेत. का?’’

‘‘उघड्या पायावर?’’

‘‘मग कशावर घेणार?’’

ती कॅलिपर घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, ही माझ्याकडून काढून घेऊन सासऱ्याला सांगणार. पाय उघडा टाकून मी पलंगावर बसले होते आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते.

रिव्हेट लगेच बसला, चांगला बसला. मी तो दोनदा ओढून बघितला. मग बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि सरळ सुरुवात केली.

‘‘गोपाळभाऊ, पुरुषांना चांगला माल आणि बायकांना भंगार, असा तुमचा नियम आहे का?’’

त्यांचा चेहरा पडला. ‘‘भंगार? मॅडम, माल सारा एकच हाय. रामदासले विचारा.’’

‘‘मग कमलाबाईंचं पेटीत का पडलंय? मंगलाचा पाय का सोललाय?’’

‘‘मंगलाचा पाय सोलला?’’ त्यांनी रामदासकडे बघितलं. रामदासने जमिनीकडे. ‘‘मले तं कोनी बोललं नाई. मी फोन केलता साऱ्याइले, मॅडम येऊन राह्यल्या, जेवू घालजो म्हून, तवाबी साऱ्या म्हने मस्त हाय.’’

‘‘शिबिरात बायकांची मापं कोणी घेतली?’’

आता मात्र गोपाळभाऊ ताठ झाले. या प्रश्नाचीच ते वाट बघत होते असं वाटलं.

‘‘हे पाहा मॅडम, त्यात आमी कोनाले बोट दाखवू दिलं नाई. मंगल कार्यालयात बायांसाठी येगळी खोली, दाराले साडीचा पडदा. आत टेप देली. ज्याची त्याची माय, सासू माप घेये, आतून आकडा सांगे, अन् रामदास बाहेर लिहून घेये. आमच्या मानसानं एकाबी बाईले हात नाई लावला. पाहिजे तं गावोगाव विचारा.’’

हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. पुरवठादार कसा असावा याची त्यांच्या मनातली सगळ्यात वरची पायरी ही होती. लबाडी शोधत मी जिल्हाभर हिंडले, आणि समोर निघाली ही मर्यादा.

‘‘भाऊ, टेप काय कोणीही धरेल. पण इतकी मापं चुकतात कशी? तीही सगळी मोठ्याच बाजूला?’’

तेव्हा पडद्यामागच्या बांगड्या वाजल्या.

‘‘मामाजी,’’ सुनीता आतूनच म्हणाली. तिकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ‘‘बायांनी वाढत्या अंगाचं माप सांगतलं. मी होती तिथं, साडी धरून. फ्राकाचं सांगते तसं. पोर वाढंन म्हून चार बोटं जास्त, लांबीले येगळं जास्त. मोठ्या बायाइचंबी तसंच, सैल असलेलं बरं म्हून. अन् टेप परकरावरून, बसल्या बसल्या.’’

रामदासने हातातला हातोडा खाली ठेवला.

‘‘अन् तू तवा काऊन नाई बोलली?’’ गोपाळभाऊंनी पडद्याला विचारलं.

‘‘मले कोनं विचारलं?’’

मला माझीच लाज वाटली. दोन दिवस मी हिला हेर समजत होते. ती मात्र कोणीतरी नेमका प्रश्न विचारेल म्हणून पडद्याशी उभी राहत होती.

मी म्हटलं, ‘‘गोपाळभाऊ, माझा निकाल ऐका. बायकांचं माप शिकलेली बाई घेणार असेल तर पास. नाहीतर नापास. आणि ती बाई तुमच्या घरातच आहे. मी दोन दिवस थांबून शिकवते, पुढे महिनाभर तिला पुण्याला पाठवा, आमच्या बाईंच्या हाताखाली.’’

‘‘नाई,’’ ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण दार लावल्यासारखं म्हणाले. ‘‘आमच्या घरच्या बाया दुकानातबी येत नाई, मॅडम. अन् तुमी म्हन्ता परक्याच्या पायाले हात लावाचा? घरची सून?’’

पडदा बाजूला झाला. सुनीता उंबऱ्यावर आली. डोक्यावर पदर, नजर खाली.

‘‘मामाजी, तुमी रोज भाचीच्या पाया पडता. तिचा पाय तुमाले कमी वाटते का?’’

‘‘थे भाची हाय.’’

‘‘मंगला कोनाची तरी भाचीच असंन नं.’’

गोपाळभाऊ उठले आणि मागच्या कार्यशाळेत निघून गेले. बराच वेळ तिथे ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. मी वर्ध्याच्या लॉजवर परतले आणि नापासाचं पत्र मनात लिहून काढलं. उद्या हा माणूस काहीतरी कारण सांगणार, याची मला खात्री होती.

वांग्याच्या वाफ्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजखाली जीप उभी. पुढे गोपाळभाऊ, मागे सुनीता, तिच्या मांडीवर टेप आणि खडू.

‘‘पोरगी माप घेईन,’’ माझ्याकडे न बघता ते म्हणाले. ‘‘मी बाहेर उभा राहीन.’’

या वेळी मी जीपला नाही म्हटलं नाही.

मंगलाच्या घरी आम्ही तिघी आणि बेबीताई आत. गोपाळभाऊ खरोखर बाहेर, वांग्याच्या वाफ्यात, घराकडे पाठ करून. मी सुनीताला सांगत गेले: पाय उघडा, मंगला उभी, आधी हाताने गुडघ्याचा सांधा शोधायचा, मग टेप. सुनीता खाली बसली. माप घेण्याआधी मंगलाच्या पावलाला हात लावून तिने तो पटकन कपाळाला लावला. मंगला एवढी लाजली की पाय मागे घ्यायला लागली.

‘‘आता जरासक वाढवून घेजो वं माय,’’ बेबीताई टेपचं टोक धरून कळवळून म्हणाली. ‘‘पोरगी वाढती हाय. पुढच्या साली आखूड झालं तं कोन देते?’’

म्हणजे ते एवढं साधं होतं. ही वस्तू आयुष्यात एकदाच मिळणार, असं धरून तिने मापात पुढची सगळी वर्षं घातली होती. मी खिडकीशी गेले.

‘‘गोपाळभाऊ, ही वाढली तर पुढच्या वर्षी पट्ट्या वाढवून द्याल?’’

‘‘देईन,’’ वाफ्यातून आवाज आला.

‘‘मोठ्यानं सांगा, बेबीताईंना ऐकू आलं नाही.’’

‘‘देईन म्हनलं नं. दर साली देईन.’’

बेबीताईने सुनीताच्या हातातली टेप सोडली.

आकडे घेऊन जीप गेली. जुन्याच पट्ट्या कापून, कुलूप खाली आणून, नवा पट्टा कच्चा टाकून रामदासने ते दोन दिवसांत उभं केलं. तेवढे दिवस मी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि अंबाडीची भाजी यांवर जगले आणि पुण्याच्या पोळीची आठवणही काढली नाही. मंगलाची जखमही सुकत आली होती.

मग ट्रायल. या वेळी सगळे अंगणात, मंगलाचे बाबाही. ते हाताची घडी घालून उभे होते. मंगला उठली. खट्. विहिरीपर्यंत गेली, वळली, परत आली. चाल सरळ होती. बेबीताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘कसं आहे?’’ मी विचारलं.

‘‘मस्त हाय.’’

‘‘मस्त म्हणू नकोस,’’ मी म्हटलं, जरा जोरातच. ‘‘मस्त म्हणालीस तर हे असंच पक्कं करतील, आणि चुकलं असेल तर ते तुझ्या अंगावर राहील. मी काही तुझ्या तोंडून आभार ऐकायला थांबलेली नाही.’’

मंगलाने आईकडे बघितलं. बाबांकडे. मग गोपाळभाऊंकडे, फार वेळ.

‘‘इथं टोचते,’’ ती म्हणाली आणि घोट्याकडे बोट दाखवलं.

‘‘अवं, एवढं केलं त्याइनं अन्–’’ बेबीताई दटावायला लागली. मी हात वर करून तिला थांबवलं. सुनीता खाली बसून खडूने खूण करत होती.

‘‘अजून?’’

‘‘वरचा पट्टा चालताना फिरते. अन् याचा बूट लई जड हाय.’’ आता ती थांबेना. ‘‘अन् कुलूप लागते तवा आवाज येते. वर्गात साऱ्या पोरी वळून पाहतात.’’

‘‘आवाजाचं काही होणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘त्याची सवय कर. बाकी सगळं होईल.’’

गोपाळभाऊंनी कपाळ पुसलं. साधन मिळालेल्या माणसाच्या तोंडून मी जिल्ह्यात ऐकलेलं पहिलं खरं बोलणं हे होतं, आणि ते ऐकताना मला इतका आनंद झाला, की मंगलाच्या बाबांनी पुढे केलेली टोपलीभर वांगी मी नको न म्हणता घेतली.

पुणे

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, ‘‘काय, पास का?’’ मी म्हटलं, थांबा. सुनीता महिनाभर पुण्यात येऊन शिकून गेली, तरी मी सही केली नाही. कमलाबाईंचं नवं माप झालं असं कळलं, तरी नाही. माणूस आपल्यासमोर चांगला वागतो. पाठ वळल्यावर कसा वागतो, ते कळायला वेळ लागतो.

परीक्षेच्या आधी एकदा गोपाळभाऊंचाच फोन आला. आवाज वैतागलेला.

‘‘मॅडम, काय शिकवून गेल्या तुमी त्या पोरीले? कालेज सुटलं का दुकानात येऊन बसते. आज पट्टा सैल, उद्या बक्कल घट्ट. सूनबाई सारं काम टाकून तिच्यापाशी. आता तं आष्टीची थे बांगडीवालीबी येऊन राह्यली.’’

मी संशयी बाई. त्यांच्या शब्दावर कसा विश्वास ठेवणार? म्हटलं, ‘‘ती आत्ता तिथे आहे? द्या तिला.’’

फोनमध्ये खट् असा आवाज आला, मग मंगलाचा.

‘‘मॅडम, मस्त नाई हाय,’’ ती म्हणाली. ‘‘बुटाची टाच घासली. सुनीतावहिनी म्हन्ते उद्या करून देईन, पन मले आजच पाहिजे. उद्या माह्या प्रॅक्टिकलची परीक्षा हाय.’’

मी फोन ठेवला आणि गोपाळभाऊंच्या कागदावर सही केली.